‘हिचकी’: टिक नेमकी, टिकच्या आधीची कळ गायब

टूरेट सिंड्रोम म्हणजे मज्जासंस्थेची अशी अवस्था, जिच्यात मनात नसताना पुन्हा पुन्हा हालचाली होतात आणि आवाज निघतात; त्यांनाच टिक्स म्हणतात. हे नावही ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी ‘हिचकी’ हा चित्रपट चांगली ओळख आहे. ज्यांच्या घरात किंवा वर्गात टूरेट असलेलं मूल आहे, त्यांना मात्र तो अर्धाच उपयोगी पडेल, आणि तो अर्धा कोणता हे आधी माहीत असलेलं बरं.

सिद्धार्थ पी. मल्होत्रा यांनी दिग्दर्शित केलेला यशराज फिल्म्सचा हा हिंदी चित्रपट २३ मार्च २०१८ ला प्रदर्शित झाला. मुंबईत राहणाऱ्या नैना माथुरला शिक्षिका व्हायचंय. शिक्षण झालंय, तयारी आहे, पण मुलाखतीत टिक आली की समोरच्यांचे चेहरे बदलतात. शेवटी तिची स्वतःचीच जुनी शाळा, सेंट नॉटकर्स, वर्षाच्या अधेमधे तिला घेते, कारण नववी फ सांभाळायला दुसरं कुणी उरलेलं नसतं. नववी फ म्हणजे वस्तीतून आलेली चौदा मुलं. शाळेच्या नावात एक आतली गंमत आहे: नवव्या शतकातला सेंट गॅलनच्या मठातला नॉटकर हा साधू अडखळत बोलायचा आणि ‘अडखळणारा नॉटकर’ याच नावाने ओळखला जायचा. लेखकांनी हे ठरवून केलं असणार. चित्रपटात त्याचा गवगवा नाही, ते छान.

आधी अभिनयाबद्दल, कारण तिथेच चित्रपटाची खरी मेहनत आहे. राणी मुखर्जीने मोजक्याच टिक्स घेतल्या आहेत: मानेचा झटका, ‘चक् चक्’ असा आवाज, ‘वा’सारखा तुटक उच्चार आणि हाताची पालथी बाजू हनुवटीखाली नेऊन टेकवणं. निदानाच्या व्याख्येत ही जुळणी चपखल बसते. टूरेट म्हणायला हालचालीच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक टिक लागते, सुरुवात अठरा वर्षांच्या आत झालेली असावी लागते आणि पहिल्या टिकपासून वर्षाहून अधिक काळ गेलेला असावा लागतो. सगळ्या टिक्स एकाच वेळी असायची गरज नसते.

यातली हनुवटीची हालचाल ही सगळ्यांत हुशार निवड आहे. नुसता झटका कुणालाही करून दाखवता येतो. पण प्रत्यक्षात अनेक जण टिकला काहीतरी हेतू असल्यासारखं रूप देतात: मान झटकली की लगेच केस सारखे करायचे, हात उडाला की चष्मा नीट करायचा. नैनाचा हनुवटीशी गेलेला हात तसाच वाटतो, अर्धा टिक आणि अर्धा ती झाकायचा प्रयत्न. दडपण वाढलं की टिक्सची गर्दी होते, हेही बरोबर दाखवलंय. मुलाखतीच्या खोलीत आणि नव्या वर्गासमोर पहिल्यांदा उभं राहताना टिक्स वाढणं अगदी स्वाभाविक आहे.

खटकतं ते वेगळंच. नैनाच्या टिक्स जणू नेमून दिलेल्या आहेत. पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत त्याच, त्याच जोराने. खऱ्या टूरेटमध्ये टिक्सना भरती-ओहोटी असते. काही आठवडे डोळ्यांची उघडझाप जोरात असते, मग ती आपोआप मागे पडते आणि खांदा उडायला लागतो, महिन्याभराने घसा खाकरणं सुरू होतं. सहसा पाच ते सातच्या वयात सुरुवात होते, दहा ते बारा या काळात जोर सर्वांत जास्त असतो आणि पुढे बऱ्याच जणांचा तो कमी होत जातो. सुरुवातीला बहुतेक घरांत डोळ्यांच्या डॉक्टरकडे चकरा होतात, कारण उघडझाप दिसते. नाक ओढणं आणि खाकरणं असेल तर ॲलर्जीची औषधं चालू होतात. हा सगळा गोंधळाचा काळ चित्रपटाने गाळलाय. नैनाच्या टिक्स लहानपणापासून कशा बदलत आल्या, यावर एक वाक्यही नाही. मोठ्या माणसाच्या टिक्स बऱ्यापैकी स्थिरावलेल्या असतात, त्यामुळे मोठ्या नैनाबाबत हे चालवून घेता येतं. पण चित्रपट पाहून एखाद्या पालकाला वाटेल की आपल्या मुलाच्या टिक्स दर महिन्याला बदलतात म्हणजे तो मुद्दाम करतोय, तर तो समज चुकीचा ठरेल.

मोठी गफलत आहे ती नैना टूरेट समजावून सांगते त्यात. तिचं म्हणणं असं, की मेंदूतल्या तारा नीट जोडल्या जात नाहीत आणि मग विजेसारखे झटके बसतात. चार ओळींत अनोळखी माणसाला सांगायला हे सोयीचं आहे आणि मज्जासंस्थेकडे बोट दाखवण्यापुरतं खरंही आहे. मेंदूचा बाह्य थर, त्याच्या आतले बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस यांच्यातल्या वर्तुळाकार जोडण्यांमध्ये नको असलेल्या हालचाली रोखण्याचं काम कमी पडतं, असं आज मानलं जातं. पण ‘झटका बसतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, टिक बाहेरून आदळते आणि माणसाला तिचा आधी पत्ताच नसतो.

तसं नसतं. बहुतेक मोठ्या मुलांना आणि प्रौढांना टिकच्या आधी कळ येते, म्हणजे टिक करावीच असं वाटायला लावणारी अस्वस्थता. मानेत ताण साठतो, घशात खवखव होते, खांद्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. टिक केली की क्षणभर सुटका होते आणि मग पुन्हा कळ. पापणी न हलवता बराच वेळ टक लावून पाहायचं ठरवलं की डोळ्यात जे होतं, त्याच्या जवळचं हे आहे: थांबवता येतं, पण थोडाच वेळ, आणि त्या वेळात दुसरं काही सुचत नाही. लहान मुलांना ही कळ ओळखता येत नाही किंवा सांगता येत नाही. साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास ती शब्दांत पकडता येऊ लागते.

ही कळ नसल्यामुळे चित्रपटातून टिक दाबण्याचा सगळा व्यवहारच निसटलाय, आणि टूरेटबरोबर जगण्याचा अर्धा भाग तर तोच असतो. मुलाखतीचा प्रसंग खऱ्याच्या जवळ न्यायचा तर असं दिसलं असतं: पहिली काही मिनिटं नैना जवळजवळ शांत, पण आखडलेली. प्रश्न नीट ऐकूच येत नाही, कारण लक्ष मानेवर. उत्तर तोडकं. बाहेर पडून रिक्षात बसल्या बसल्या दाबलेल्या टिक्स एकदम सुटतात आणि घरी पोहोचेपर्यंत मान दुखायला लागते. कॅमेऱ्याला हे दाखवणं अवघड नव्हतं. चित्रपटातल्या मुलाखत घेणाऱ्यांना दिसते ती फक्त टिक, आणि आपल्यालाही त्यांच्याच खुर्चीत बसवलं जातं.

शाळेत याचा परिणाम रोज दिसतो. बाई म्हणतात, वर्गात तर हा काहीच करत नाही. आई म्हणते, घरी आल्यापासून झोपेपर्यंत थांबत नाही. दोघी खरं बोलत असतात. दिवसभर दाबलेलं घरी सुटतं, कारण घर सुरक्षित वाटतं. पण बाईंनी ‘बघ, जमतं तुला’ असं म्हटलं की मुलाची शाळेतली सगळी शक्ती दाबण्यातच जाते आणि गणित मागे पडतं.

टूरेटवर उपाय नाही, हे चित्रपटाचं म्हणणं मुळापासून बरा करणारा इलाज नाही या अर्थाने बरोबर आहे. पण उपचार आहेत आणि त्यांचा साधा उल्लेखही नसणं ही मोठी उणीव आहे. सध्या पहिली पसंती असते ती टिक्ससाठीच्या वर्तनोपचाराला. त्यात आधी मूल कळ ओळखायला शिकतं. मग त्या टिकला विरोधी अशी, कुणाच्या सहसा लक्षात न येणारी हालचाल ठरवली जाते: मान झटकत असेल तर हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताणून समोर पाहणं, आवाजाची टिक असेल तर तोंड मिटून नाकाने संथ, पोटातून श्वास. ही स्थिती मिनिटभर किंवा कळ ओसरेपर्यंत धरायची. त्याबरोबर टिक्स कुठे आणि कशामुळे वाढतात हे शोधून त्या परिस्थितीत बदल करायचे. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांत आठ सत्रं दिली गेली. निम्म्याहून किंचित जास्त मुलांना स्पष्ट फरक पडला, नुसत्या आधाराच्या आणि माहितीच्या सत्रांमध्ये हे प्रमाण पाचातल्या एकाहूनही कमी होतं. जादू नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. हे प्रशिक्षित थेरपिस्टकडूनच शिकायचं. घरी ‘हनुवटी आत घे’ असं ओरडत राहिलं तर ते नुसतं टोकणं होतं आणि टोकण्याने टिक्स वाढतात.

क्लोनिडिन, ग्वानफॅसिन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन ही औषधं वापरली जातात ती टिक्समुळे दुखतंय, इजा होतेय किंवा शाळा आणि झोप बिघडतेय अशा वेळी. त्यांच्यामुळे येणारी सुस्ती किंवा वाढणारं वजन यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. सौम्य टिक्सना बहुतेकदा फक्त समजून घेणारी माणसं लागतात.

आणखी एक गाळलेली गोष्ट म्हणजे टूरेटचे सोबती. उपचारासाठी येणाऱ्या मुलांत साधारण निम्म्यांत किंवा त्याहून जास्त मुलांत लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असते. बऱ्याच जणांना मंत्रचळ, म्हणजे तीच गोष्ट ‘नीट झाल्यासारखं वाटेपर्यंत’ पुन्हा पुन्हा करणं, याचा त्रास असतो. पालकांना विचारलं तर अनेकदा टिक्सपेक्षा याच गोष्टी जास्त दमवणाऱ्या निघतात. नैनाला यातलं काहीही नाही. ती हुशार आहे, हजरजबाबी आहे, मन शांत आहे, अडचण फक्त टिक्सची. असं निव्वळ टूरेट असतं, पण कमी. पटकथेला सोपी नायिका हवी होती, दुसरं कारण दिसत नाही.

एका बाबतीत मात्र दिग्दर्शकाचं कौतुक करायला हवं: शिव्या नाहीत. टूरेट म्हटलं की तोंडातून आपोआप शिव्या, हा समज विनोदी कार्यक्रमांनी पसरवलाय. प्रत्यक्षात हे लक्षण दहातल्या एखाद-दुसऱ्यातच असतं आणि निदानासाठी त्याची मुळीच गरज नसते. हशा मिळवायला तो सोपा रस्ता होता. चित्रपट तिकडे वळला नाही. या लक्षणाबद्दलच जाणून घ्यायचं असेल तर स्कॉटलंडच्या जॉन डेव्हिडसन यांच्या आयुष्यावरचा ‘आय स्वेअर’ हा २०२५ चा चित्रपट आहे. रॉबर्ट अरामायोने त्यात हे लक्षण हसं न करता वठवलंय. मोठ्यांनी एकट्याने पाहावा असा तो आहे.

आता ‘हिचकी’चा भक्कम अर्धा भाग. घर. सचिन पिळगावकर आणि सुप्रिया पिळगावकर यांनी नैनाच्या वेगळ्या झालेल्या आईवडलांचं काम केलंय, आणि या जोडीला असं दुरावलेलं पाहणं मराठी प्रेक्षकाला आधीच थोडं अवघडल्यासारखं होतं. वडील दुष्ट नाहीत. त्यांना लाज वाटते, आणि ती लाज काळजीचा वेष घेऊन येते. मुलीने सोपं, सुरक्षित, चारचौघांच्या नजरेआड राहील असं काहीतरी करावं, असं त्यांना मनापासून वाटतं. सचिन हे फार ताणत नाहीत. नजर दुसरीकडे वळवणं एवढ्यावर काम भागवतात. टूरेटच्या घरांत हा बाप फार ओळखीचा आहे. भावाच्या कामात हुसेन दलाल सहज आहे. त्याच्याशी बोलताना नैना टिक्सचं स्पष्टीकरण देत नाही आणि त्यालाही ते लागत नाही. माहितीपर संवादांपेक्षा हे दोन-तीन प्रसंग जास्त शिकवतात.

लहानपणीचा सभागृहातला प्रसंग हा चित्रपटाचा कणा. एकामागून एक शाळा सुटलेली छोटी नैना, कार्यक्रमात तिच्या आवाजामुळे झालेली चुळबुळ, आणि मुख्याध्यापक खान तिला मंचावर बोलावतात. विक्रम गोखले यांच्या वाट्याला ही भूमिका थोडीच आलीय, पण त्यांनी आवाज चढवला नाही म्हणून ती ठसते. ते तिला सगळ्यांसमोर विचारतात की आम्ही तुझ्यासाठी काय करावं, आणि ती म्हणते की इतरांसारखंच वागवा. हा प्रसंग अमेरिकन शिक्षक ब्रॅड कोहेन यांच्या आयुष्यातून आलाय; चित्रपट त्यांच्याच आत्मकथनावर बेतलाय. फक्त एक इशारा शिक्षकांसाठी: याची नक्कल करू नका. सगळ्या शाळेसमोर मुलाला मंचावर बोलावून त्याच्या टिक्सबद्दल बोलायचं असेल तर मुलाची आणि पालकांची आधी संमती हवी, आणि बरीच मुलं नाही म्हणतील. बोलायला तयार असलेलं मूल स्वतः बोललं तर उत्तम. नसेल तर ते वर्गात नसताना, त्याला विचारून, त्याने मान्य केलेल्या शब्दांत शिक्षकांनी सांगावं.

नोकरीचा भागही टोकदार आहे, पण अपुरा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला, म्हणजे चित्रपट येण्याच्या वर्षभर आधी. त्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत टूरेटचं नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राचा रस्ता सरळ नाही आणि नैनासारखीला मुलाखत घेणाऱ्यांच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागतं. एवढा मोठा विषय हाताशी असताना लेखकांनी नकारांची मालिका दाखवून तो सोडून दिला.

मध्यंतरापर्यंत टूरेट चित्रपटाच्या केंद्रात असतं. मग नववी फ येते आणि चित्रपट हळूहळू ‘वाया गेलेला वर्ग आणि जिद्दी शिक्षिका’ या जुन्या वाटेला लागतो. मुलं आधी नैनाची नक्कल करतात, मग खोड्या, मग सूड, मग जवळीक, मग पेपरफुटीचा आळ, मग सुटका. आतिशच्या भूमिकेत हर्ष मायर चांगला आहे. नववी अ चे वाडिया सर नीरज कबी यांनी इतके संयमाने केलेत की खलनायकही पटतो. भीती कागदावर लिहून त्याची विमानं उडवण्याचा प्रसंग थोडा गोड, पण चालतो. वस्तीतल्या मुलांचं चित्रण मात्र साचेबद्ध आहे, आणि टूरेट इथपर्यंत येता येता नुसतं ओळखचिन्ह उरतं. टिक पटकथेच्या सोयीने येते: तणाव दाखवायचा असला की हजर, भाषण पोहोचवायचं असलं की बाजूला. बोलण्यात किंवा शिकवण्यात पूर्ण गुंगून गेल्यावर टिक्स कमी होतात हे खरं आहे. तेच एकदा उघडपणे दाखवलं असतं तर ही सोयसुद्धा माहिती ठरली असती.

कोहेन यांच्यावरच २००८ मध्ये ‘फ्रंट ऑफ द क्लास’ हा अमेरिकन दूरचित्रवाणीपट आला होता. तो अभिनयात साधा आणि दृश्यांत बेतास बात आहे, पण टूरेटला शेवटपर्यंत सोडत नाही. कोहेन दुसरीच्या मुलांना शिकवत होते, आणि लहान मुलं प्रश्न विचारून मोकळी होतात, ते त्यात छान आलंय. ‘हिचकी’ने वर्ग नववीचा केला, त्यामुळे संघर्ष वाढला आणि ते निरागस प्रश्न कमी झाले. नैनाला थेट आदर्श शिक्षिकेच्या उंचीवर नेण्याचा हट्टही इथलाच. टूरेट असलेलं मूल साधारण हुशारीचं, साधारण आळशी, साधारण मस्तीखोर असू शकतं. त्याला सामावून घेण्यासाठी त्याने चमत्कार करून दाखवायची गरज नसते.

वर्गाला किंवा घरच्यांना चित्रपट दाखवायचा असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. टिक्स पाहिल्या किंवा त्यांच्याबद्दल बोलणं ऐकलं की टूरेट असलेल्या माणसाच्या टिक्स वाढतात. पाहताना मुलाची मान जास्त झटकायला लागली तर घाबरू नका आणि टोकूही नका. नैनाचा एखादा आवाज ते तात्पुरता उचलूही शकतं. त्याला दाराजवळची, कडेची जागा द्या आणि न विचारता उठून बाहेर जायची मुभा आधीच देऊन ठेवा. मूल नको म्हणालं तर त्याच्यावर सक्ती नको.

आधी वर्गाला सांगायला चार वाक्यं पुरतात: हे संसर्गजन्य नाही, बुद्धीशी याचा संबंध नाही, मुद्दाम केलेलं नाही, आणि थोडा वेळ दाबता आलं तरी ते दमवणारं असतं. चौथं वाक्य चित्रपटात नाही, म्हणून ते विसरू नका. नैना ‘झटके’ समजावून सांगते तिथे चित्रपट थांबवून कळेबद्दल बोला. नंतरच्या चर्चेत ‘नैना किती शूर’ यावर वेळ घालवण्यापेक्षा वर्गात काय बदलायचं ते ठरवा: पहिल्या बाकाऐवजी कडेची किंवा मागची जागा, कारण पहिल्या बाकावर पाठीमागचा सगळा वर्ग टिक्स बघत बसतो, परीक्षेला जास्तीचा वेळ आणि शक्य तर वेगळी खोली, जिथे टिक्स दाबाव्या लागणार नाहीत, हाताच्या टिक्स असतील तर कमी लिखाण किंवा तोंडी उत्तरं, आणि टिक आली की शिक्षकांनी वाक्य न तोडता शिकवत राहणं.

चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे आणि शाळेच्या दोन तासिकांत तो बसत नाही. वेळ कमी असेल तर मुलाखती, सभागृहातला प्रसंग, घरातले वडलांचे प्रसंग आणि नववी फ मधला पहिला दिवस एवढं दाखवा. पेपरफुटीपासून पुढचं वगळलं तरी टूरेटबद्दलचं काही हुकत नाही.